भिंतीतला रांजण

तामसखेड्यात नवी सरकारी चूल येणार म्हटलं की लोक आधी तिचा दुसरा उपयोग काय करता येईल ते बघून ठेवत. गावाला या बाबतीत अनुभव दांडगा होता. गोबरगॅसच्या टाकीत कांदा चांगला टिकतो, हा शोध तामसखेड्याचाच. निर्धूर चुलीच्या धुराड्यात चिमण्यांच्या कैक पिढ्या नांदल्या, आणि सौरपेटीच्या आरशात समाधान बोरसे अजूनही दाढी करत असे. मग गॅस आला, घरोघर पोचला, महागला आणि शेवटी एका वर्षी यायचाच थांबला. रिकाम्या सिलिंडरांना पंचायतीने गेरू फासून आवारात ओळीने उभं केलं, त्यांवर झेंडूच्या कुंड्या ठेवल्या आणि सुशोभीकरणाचं बक्षीस मिळवलं. बायका पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळल्या. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाट्या. त्या फुकट मिळतात, भडकन पेटतात आणि धूर देताना हात आखडता घेत नाहीत.

हा धूर योगिताला मानवला नाही. योगिता म्हणजे समाधानची मोठी भावजय, त्याच्या थोरल्या भावाची, गोकुळची बायको. तालुक्याच्या डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बिडी किती ओढता?"

"मी नाही ओढत," योगिता म्हणाली. "चूल ओढते."

"मग चुलीला सोडायला लावा. आणखी दोनेक हिवाळे असेच काढलेत तर जिना चढणं राहू द्या, बोलायलासुद्धा दम पुरणार नाही."

जिन्याचं योगिताला काही वाटलं नाही, घर बैठं होतं. बोलायला दम पुरणार नाही म्हटल्यावर मात्र ती हादरली. गोकुळही हादरला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

त्याच हिवाळ्यात रांजण आला.

त्याचं सरकारी नाव सौर उष्मासंचय पाकयंत्र असं होतं. ते उच्चारेपर्यंत वरण उतू जाईल म्हणून बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचा रांजण केला. पाण्याच्या रांजणासारखाच तो पोटाने मोठा होता. आत पाण्याऐवजी मीठ होतं, पण जेवणातलं नव्हे, फटाक्यांच्या दारूत असतो त्या सोऱ्याच्या जातीचं. छपरावरच्या सौरपत्र्यांतून येणारी वीज मिठात पुरलेल्या तारा तापवायची. तापत तापत सव्वादोनशे अंशांच्या आसपास मीठ वितळायला लागायचं, आणि तिथे एक गंमत व्हायची. वितळत असताना त्याला कितीही उष्णता द्या, तापमान जागचं हलत नसे. सगळी उष्णता ते पोटात ठेवी, चेहऱ्यावर काही दाखवत नसे. सूर्य मावळल्यावर पुन्हा गोठताना तीच उष्णता जशीच्या तशी परत करी. तव्याखालची कळ खाली दाबली की ती वर तव्याला मिळायची. भाकरी फुगायची, धूर नाही, काजळी नाही. विज्ञान याला सुप्त उष्णता म्हणतं. जावांना हे तत्त्व पूर्वीपासून माहीत आहे. त्यांनी त्याला नाव दिलेलं नाही, एवढंच.

अडचण एकच होती, आणि ती गंध्यांनी ग्रामसभेत सांगितली. गंधे हे तालुक्याच्या उष्मा कार्यालयातले तरुण सहायक. चेहरा असा, की वाईट बातमीसुद्धा ते वाढदिवसाची असल्यासारखी सांगत.

"मोठ्या पातेल्यातलं वरण बराच वेळ गरम राहतं," ते म्हणाले, "आणि वाटीत काढलेलं हात धुऊन येईपर्यंत निवतं. बरोबर? कारण उष्णता साठते पोटात आणि गळते कातडीतून. लहान भांड्याला पोट कमी आणि त्या मानानं कातडी जास्त. म्हणून छोटा रांजण परवडतच नाही, सकाळपर्यंत थंड होतो. त्यामुळे नियम असा केला आहे की एका रांजणामागे कमीत कमी नऊ खाती तोंडं हवीत."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, एका घरात नऊ तोंडं आता फक्त लग्नाच्या फोटोत सापडतात."

"मग दोन घरं एकत्र या."

"आमच्यात बोलणं नाही भो."

"प्रेमानं राहा असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही," गंधे प्रसन्नपणे म्हणाले. "एका रांजणावर जेवा, एवढंच आहे."

बोरशांकडे तोंडं बरोबर नऊ भरत होती. गोकुळकडची चार, समाधानकडची चार आणि दोघांचे वडील हिलालआप्पा, जे सकाळी गोकुळकडे जेवत आणि रात्री समाधानकडे. पण पंधरा वर्षांपूर्वी या घरात चूल वेगळी झाली होती. घराच्या मधोमध भिंत घातलेली होती. ती दोन्ही भावांनी मिळूनच बांधली होती, हसतखेळत, एका रविवारी, आणि दोघांच्या बायकांनी त्यांना चहा आणून दिला होता, आपापल्या नवऱ्याला. भांडणाचं कारण योगिताला पक्कं आठवत होतं. तिच्या धाकट्या जावेला, हर्षालीलाही पक्कं आठवत होतं. फक्त ते एक नव्हतं. भाऊ शेतात एकमेकांच्या तंबाखूवर जगत आणि घराच्या ओट्याशी आले की बायकांच्या समाधानासाठी तोंडं गंभीर करत. जावा मात्र त्या दिवसापासून एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. जे सांगायचं ते आप्पांमार्फत. आप्पा दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवत, मात्र वाटेत त्यातलं तिखट काढून टाकत.

शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. रांजण भिंतीत बसवायचा. पोट भिंतीत, एक तवा इकडे, एक तवा तिकडे. भिंत जागेवर, रांजण एक, नऊ तोंडं पूर्ण आणि कुणाला कुणाचं तोंड बघायला नको. गंध्यांनी ती कल्पना इतकी उचलून धरली, की पुढे तिच्यावर त्यांचं एक भाषणही झालं.

योगिताने पहिली भाकरी टाकली त्या दिवशी ती तव्यासमोर नुसती बसून राहिली. डोळे चुरचुरत नाहीत म्हणजे काहीतरी विसरलंय असं तिला सारखं वाटत होतं.

रांजणाला एक काटा होता. मीठ वितळलं की जरासं फुगतं, त्या फुगण्यावर तो चाले. मीठ पूर्ण वितळलं की काटा माथ्यावर, पूर्ण गोठलं की तळाला. काटा दोन्ही बाजूंना दिसायचा, पण मीठ एकच. त्यामुळे हर्षालीने तिकडे कळ दाबली की इकडचा काटा उतरायचा. गंध्यांच्या लेखी ही तांत्रिक बाब होती. योगिताच्या लेखी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा तिकडच्या घराला खिडकी फुटली होती.

आठवड्याभरात ती काटा वाचायला शिकली. सकाळी तो जरासा थरथरला की चहा. दोनदा थरथरला की समाधानला पहिला चहा पांचट लागला. संध्याकाळी सरळ उतरत गेला की भाकऱ्या. उतरला, थांबला, पुन्हा उतरला की आधी डाळ आणि मग फोडणी. एका शनिवारी काटा उतरायला लागला तो थांबेचना.

"तिकडची लेक आली वाटतं वसतिगृहातून, सई," योगिता गोकुळला म्हणाली. "डुबुकवडे चाललेत."

"तुला काय माहीत?"

"एवढी उष्णता ती नवऱ्यावर खर्च करायची नाही."

पुढे एकदा दुपारच्या वेळी काटा थोडा थोडा, सारखा सारखा हलत राहिला. हे कशातच बसेना. योगिता दोनदा उठली, दोनदा बसली. मग परसातली लिंबं तोडून तिने आप्पांच्या हातात दिली.

"आप्पा, ही लिंबं उगाच जास्त झालीत. वाटेत कुठं टाकायची असतील तर टाका."

"वाटेत? ओट्यावरून ओट्यावर जायला वाट कसली वं पोरी?"

"असेल तेवढी."

आप्पा जाऊन आले. हर्षालीला ताप होता, पेज आणि काढा चालला होता. लिंबं कुठे टाकली ते त्यांनी सांगितलं नाही आणि योगिताने विचारलं नाही. पण पुढच्या एकादशीला आप्पा फराळाच्या वेळी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले. "तिकडे जास्त झाले म्हणे," ते म्हणाले. म्हणजे काटा तिकडूनही वाचला जात होता. आज इकडे भाकऱ्या नाहीत हे तिकडे कळलं होतं. योगिताने एक लाडू खाल्ला आणि गूळ कमी आहे असं भिंतीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगितलं.

उन्हाळा असा गेला. आषाढात झड लागली.

झड म्हणजे मोठा पाऊस नव्हे. दिवसरात्र नुसती भुरभुर आणि वर गोधडीसारखं आभाळ. सौरपत्र्यांना उजेड मिळे, ऊन मिळत नसे. दिवसभरात काटा जेमतेम अर्ध्यावर चढायचा, आणि अर्ध्या रांजणात एका घराचा स्वयंपाक नीट व्हायचा, दुसऱ्याचा अर्धकच्चा. जो आधी रांधील त्याची भाकरी फुगेल, हे दोन्हीकडे एकाच संध्याकाळी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी योगिताने दिवेलागणीचा स्वयंपाक जरा लवकर केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षालीने तिच्याही आधी. मग योगिता चहाच्या वेळेला भाकऱ्या थापू लागली, तर हर्षाली दुपारच्या डुलकीला मुकली. श्रावण लागेपर्यंत बोरशांकडे रात्रीचं जेवण टळटळीत दुपारी तयार असे, म्हणजे झड नसती तर ती टळटळीत असती. दोघं भाऊ शेतातून येऊन गारढोण भाकरी निमूट चघळत. सगळ्यात हाल आप्पांचे झाले. त्यांचं सकाळचं जेवण इकडे उरकून हात वाळतात न वाळतात तो तिकडे रात्रीचं ताट वाढलेलं असे, आणि मग उजाडेपर्यंत पोटाला काही नाही.

"यंत्रानं उष्णता साठवायला शिकवलं तुम्हाला," आप्पा म्हणाले, "आता भूक साठवायचं यंत्र मागवा."

एका दुपारी योगिता मळलेलं पीठ घेऊन तव्याशी आली, तर काटा तळाला टेकलेला. हर्षालीने बाजी मारली होती. घरात खाणारे होते, पीठ मळलेलं होतं. योगिताने पडवीतली जुनी चूल झटकली, ओलसर पऱ्हाट्या खुपसल्या आणि काडी ओढली.

भाकऱ्या झाल्या. पण मग जो खोकला लागला तो थांबेचना. आधी बसून खोकली, मग भिंतीला धरून, मग खाली वाकून. गोकुळ पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा होता. पाणी प्यायला मध्ये फट सापडत नव्हती. बोलायला दम पुरणार नाही म्हणजे काय, ते त्या दिवशी तिला कळलं. "बास" एवढा शब्द म्हणायचा होता तिला, तोही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तव्याशी आली. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे झडीत जेवढा चढतो तेवढा. तिकडून कुणी हात लावलेला नव्हता.

तिने भराभर स्वयंपाक उरकून घेतला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबली. काटा जागच्या जागी. तिकडचा सकाळचा चहासुद्धा हलत नव्हता. योगिता आता विचारात पडली, आणि ती विचारात पडली की त्यातून चांगलं काही निघत नसे. तिकडे स्वतंत्र रांजण मागवलाय. किंवा माहेरून काहीतरी आणलंय. किंवा आपल्यालाच सगळी उष्णता वापरू देऊन उद्या तालुक्याला तक्रार करायची की बघा, मोठी एकटीच ओरपते.

"आप्पा, तिकडे काय जेवलात काल?"

"मस्त होतं."

"मस्त म्हणजे काय होतं?"

"कळण्याची भाकरी. भाजी."

"कशावर केली?"

"ताटात वाढली होती," आप्पा म्हणाले आणि जायला निघाले.

ते शेजारून गेले तेव्हा योगिताने त्यांची बाही धरली आणि नाकाला लावली. या बाईचं अर्धं आयुष्य त्या वासात गेलं होतं. ओल्या पऱ्हाटीचा धूर होता तो.

"गोठ्यात रांधते ती?" योगिता म्हणाली.

आप्पांनी बाही सोडवून घेतली. "मी कुणाला सांगणार नाही असं म्हणालोय तिला. तेव्हा मी सांगितलं नाही. शर्टानं सांगितलं."

"पण का?"

"तुझा खोकला भिंतीतून आरपार जातो वं. ती म्हणे, रात्रभर झोप लागत नाही. झोपमोड नको म्हणून जाते म्हणे गोठ्यात."

"झोपमोड होते म्हणून?"

"असं म्हणते ती," आप्पा म्हणाले. यातलं तिखट त्यांनी काढलेलं नव्हतं. यात तिखट नव्हतंच, हे त्यांना ठाऊक होतं.

योगिताला आधी राग आला. पंधरा वर्षं एखादीने पाण्याचा थेंब विचारू नये आणि एकदम अख्खा रांजण उपकारात द्यावा, म्हणजे काय? त्या दिवसापासून तिने खिचडीच लावली. एकच भांडं, थोडीच उष्णता, बाकीची तिकडे शिल्लक. घे म्हणावं. तिकडून कुणी घेईना. मग योगिताने चहा बंद केला. तरी कुणी घेईना. इकडे गोकुळ चहावाचून आणि तिकडे हर्षाली धुरात, आणि मध्ये भिंतीत काटा भर झडीतही दिवसागणिक वर चढत होता. शेवटी तो वैशाखातल्यासारखा माथ्यावर जाऊन बसला.

आणि त्या काट्याला तिसरा वाचणारा होता. रांजणाच्या प्रत्येक तव्यातून कितीशी उष्णता निघाली, हे तालुक्याच्या कार्यालयाला दिसे. भुरभुरत्या पावसात गंधे सहायक छत्री झटकत ओट्यावर आले.

"अभिनंदन," ते म्हणाले. त्यांची सुरुवात तशीच असे. "तुमचा रांजण भरलेला आहे. पण तिकडच्या तव्याला महिनाभर कुणाचा हात लागलेला नाही. म्हणजे तिकडची तोंडं या रांजणावर जेवत नाहीत. म्हणजे उरली चार आणि आप्पा निम्मे. नियमात बसत नाही हो काकू. पलीकडच्या गावात अकरा तोंडांचं कुटुंब वाट बघतंय. सोमवारी गाडी पाठवतो, रांजण हलवायला."

गोकुळने योगिताकडे पाहिलं. योगिता पडवीतल्या जुन्या चुलीकडे पाहत होती.

"कोण म्हणतं जेवत नाहीत?" ती म्हणाली.

"तवा म्हणतो."

"तवा काय म्हणेल? ती तिकडच्या तव्यावर रांधतच नाही. इथं येते रांधायला. माझ्यासोबत. एकच चूल आमची."

गोकुळला ठसका लागला. आप्पा छपराकडे बघत राहिले.

"असं?" गंध्यांचा चेहरा उजळला. "पण इकडच्या तव्याचा वापरसुद्धा फार थोडा दिसतोय."

"श्रावण आहे साहेब. उपास असतात."

"नऊही जणांना?"

"धार्मिक घर आहे."

गंध्यांनी मान डोलावली आणि छत्री कोपऱ्यात ठेवली. "मग मी आज इथंच जेवतो," ते म्हणाले. हे तपासणीचं कलम नव्हतं. त्यांना भूक लागली होती. पण बोरशांकडे सगळ्यांनी ते कलमच धरलं.

"आप्पा," योगिता खालच्या आवाजात म्हणाली, "तिला बोलवा."

"काय सांगू?"

"सांगा, वरण-बट्टी करायची आहे. एकटीच्यानं होत नाही."

आप्पा गेले. योगिता कान देऊन बसली. ती येणार नाही म्हणाली तर सोमवारी गाडी. बराच वेळ भुरभुरीचाच आवाज आला. मग ओट्यावर पावलं वाजली आणि हर्षाली आत आली. पदर कमरेला खोचलेला, डोळे धुराने लाल, हातात स्वतःची परात. तिने योगिताकडे पाहिलं नाही. सरळ फडताळाशी गेली आणि खालच्या खणात, उजव्या कोपऱ्यात, न बघता हात घातला. कणकेचा डबा तिथेच होता. पंधरा वर्षांत योगिताने तो हलवला नव्हता, कारण हलवायचं काही कारण पडलं नव्हतं, असं ती म्हणाली असती.

एकीने कणीक मळली, दुसरीने डाळ शिजत घातली. एकीने उंडे वळले, दुसरीने ते उकडून घेतले आणि कापून तुपात सोडले. हात एकमेकांच्या आडवे आले नाहीत. शब्दही आले नाहीत.

"आप्पा, विचारा, मीठ टाकलं का वरणात," हर्षाली म्हणाली.

"आप्पा, सांगा, टाकलंय."

गंधे पाटावर बसून हे बघत होते. "तुम्ही एकमेकींशी बोलत नाही का?" त्यांनी विचारलं.

"रोज सोबतच असतो साहेब," योगिता म्हणाली. "रोजरोज काय बोलायचं?"

ते गंध्यांना पटलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं.

सगळे जेवले. गंधे तर असे जेवले, की नऊ तोंडांचा हिशेब दहावर गेला. काटा उतरत उतरत तळाला टेकला आणि गंध्यांनी तृप्त होऊन हात पुसले.

"रांजण राहील," ते म्हणाले. "आदर्श कुटुंब म्हणून नावसुद्धा पाठवतो तुमचं."

योगिताने डोळे मिटून श्वास सोडला. तो अर्धा बाहेर आला तोच गंधे पुढे म्हणाले, "फक्त एक. दोघी जर इथंच रांधता, तर तिकडचा तवा जादा आहे. जादा तवा म्हणजे जादा कातडी, उगाच गळती. तो काढू आणि रांजण इकडच्या अंगाला ओढून घेऊ. काटा तळाला आहे, मीठ गोठलंय, हलवायला हीच वेळ बरी."

आत्ताच एवढं सुंदर खोटं बोलून झाल्यावर ते खोटं आहे असं सांगणार कोण? गंध्यांनी पिशवीतून नट सोडायचे पाने काढले. गोकुळ आणि समाधान एकमेकांकडे न बघता रांजणाला भिडले. पोत्यांवरून सरकत सरकत तो अख्खा योगिताच्या घरात येऊन बसला. आणि भिंतीत, जिथे त्याचं पोट होतं तिथे, चांगलं खिडकीएवढं आरपार भोक राहिलं.

"गवंडी पाठवतो," गंधे म्हणाले. गवंडी आजतागायत आलेला नाही.

संध्याकाळ झाली. भाऊ रानात पाणी तुंबलंय का बघायला म्हणून जे गेले ते गेलेच. योगिता तव्याशी बसली होती. समोरच्या भोकातून तिला तिकडचं घर दिसत होतं. फळीवर डबे, खुंटीला सईची ओढणी, आणि खाली बसलेली हर्षाली. गोठा गळत होता, म्हणून तिने पऱ्हाट्या आतच आणल्या होत्या. तीन विटा मांडल्या होत्या. हातात काडेपेटी होती. तिने भोकाकडे पाहिलं, काडेपेटीकडे पाहिलं.

"आप्पा," ती म्हणाली, "तिकडे सांगा, ते भोक कशानं तरी बुजवा. मी चूल पेटवतेय. धूर जाईल."

आप्पा तिकडेच खाटेवर पडले होते. कानातलं यंत्र त्यांनी काढून डबीत ठेवलं होतं आणि डबी उशाखाली.

"आप्पा!"

आप्पा छान झोपले होते, निदान तसे दिसत होते. निरोप न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"पेटवू नकोस," योगिता म्हणाली.

हर्षालीचा हात थांबला.

"मग खायचं काय आम्ही?" ती पऱ्हाट्यांना उद्देशून म्हणाली. "तवा तर नेला तुमच्या साहेबानं."

"माझा साहेब?"

"एकच चूल, एकच चूल! कोणी सांगितलं होतं एवढं खोटं बोलायला?"

"आणि तुला कोणी सांगितलं होतं गोठ्यात बसून धूर खायला?"

"तुमच्या खोकल्यानं डोळ्याला डोळा लागत नव्हता."

"मग कानात कापूस घालायचा. घरात पोत्यानं कापूस आहे."

"घातला होता," हर्षाली म्हणाली. "तरी ऐकू येत होता."

योगिताला बोलायला दम होता, पण शब्द सापडायला वेळ लागला. सापडले ते साधेच होते.

"बट्ट्या उरल्यात," ती म्हणाली. "ताट सरकव."

योगिता उठली, बट्ट्या ताटलीत काढल्या, वर तुपाची धार सोडली आणि वरण घेतलं. तेवढ्यात भोकातून रिकामं ताट आलं, मागून बांगड्यांचा हात आला, आणि हाताच्या मागून आवाज आला.

"दोनच. आणि वरण वर ओतू नका, बट्टी भिजते. बाजूला वाटीत द्या. एवढी वर्षं झाली, तेवढं तरी लक्षात ठेवायचं ताई."

योगिताच्या हातात वरणाची वाटी होती. वेगळी काढलेली, काठोकाठ भरलेली. ते सांगितलं असतं तर भांडण तिथंच संपलं असतं, आणि आत्ता कुठे ते सुरू झालं होतं.

"मला काय माहीत तुझी थेरं," ती म्हणाली आणि वाटी पलीकडे सरकवली.